कुलपाला मालक कळत नाही

स्टीफन थॉमस नावाच्या प्रोग्रामरकडे ७,००२ बिटकॉइन आहेत आणि ते त्याला वापरता येत नाहीत. बिटकॉइन म्हणजे काय हे समजावणारा एक छोटा ॲनिमेशन व्हिडिओ त्याने २०११ साली केला होता, त्याचा मोबदला म्हणून ते मिळाले. त्यांच्या किल्ल्या त्याने 'आयर्नकी' नावाच्या सुरक्षित पेन ड्राइव्हमध्ये ठेवल्या, पासवर्ड एका कागदावर लिहिला आणि तो कागद हरवला. हा ड्राइव्ह दहाच वेळा पासवर्ड टाकू देतो. दहाही चुकले की आतलं सगळं कायमचं बंद. जानेवारी २०२१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही हकीकत छापली, तेव्हा त्याचे आठ प्रयत्न संपले होते, दोन उरले होते आणि आतल्या ऐवजाची किंमत २२ कोटी डॉलरच्या आसपास होती.

अशा बातम्या आपण हळहळत वाचतो, चार जणांना फॉरवर्ड करतो आणि विसरतो. मला मात्र त्यात एक साधा प्रश्न अडकलेला दिसतो. ते ७,००२ बिटकॉइन थॉमसचे आहेत का?

पटकन उत्तर येतं, आहेतच की. त्याने काम केलं, मोबदला मिळाला, कुणी चोरला नाही, दुसरा कुणी हक्क सांगत नाही. पण आपली म्हटलेली वस्तू आपण काय करतो ते पाहा. खर्च करतो, देऊन टाकतो, गहाण ठेवतो, मुलांच्या नावावर करतो. थॉमसला यातलं काहीच करता येत नाही. एक गोष्ट मात्र तो नक्की करू शकतो: आणखी दोनदा चुकून तो सगळं कायमचं बंद करून टाकू शकतो. मालकीचे बाकी सगळे हक्क गेले, नासाडी करण्याचा तेवढा उरला. जिच्यावर फक्त हाच हक्क उरला आहे तिला 'माझी' म्हणायचं का?

काचेची तिजोरी

पुढे जाण्याआधी या कुलपाची बनावट समजून घेऊ, कारण प्रश्न तिथूनच तयार होतो.

'वॉलेट' हा शब्द फसवा आहे. वॉलेटमध्ये पैसे नसतात. कुणाच्या पत्त्यावर किती बिटकॉइन आहेत याची वही जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरांवर उघडी पडलेली असते. वॉलेटमध्ये असते ती खासगी किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या, साधारण ७८ आकड्यांपर्यंत जाणारी. ती संख्या ज्याला माहीत, तो त्या पत्त्यावरचे पैसे हलवू शकतो. त्याचं नाव, गाव, चेहरा कुणी विचारत नाही.

सुरुवातीच्या काळात ही किल्ली कॉम्प्युटरवर एका साध्या फाईलमध्ये असायची. फाईल कुणी कॉपी केली की पैसेही त्याचे. सप्टेंबर २०११ मध्ये मूळ सॉफ्टवेअरच्या ०.४.० या आवृत्तीत पासवर्ड लावून ती फाईल कुलूपबंद करण्याची सोय आली. तेव्हापासून दोन सल्ले सगळीकडे एकत्र दिले जाऊ लागले: फाईलचा बॅकअप घ्या आणि फाईलला पासवर्ड लावा. दोन्ही सल्ले योग्यच. बॅकअपमुळे फाईल हरवत नाही आणि पासवर्डमुळे ती चोराच्या उपयोगाची राहत नाही. फक्त पासवर्डचा बॅकअप असतो डोक्यात, आणि डोक्यासाठी कुठलीच आवृत्ती निघत नाही.

हा पासवर्ड फाईलमध्ये लिहिलेला नसतो. तुम्ही टाकलेली अक्षरं हजारो वेळा घुसळून त्यातून एक किल्ली तयार होते आणि ती किल्ली आतलं कुलूप उघडते, किंवा उघडत नाही. 'पासवर्ड विसरलात?' असं निळं अक्षर खाली नसतं, कारण ते दाबल्यावर उत्तर देणारं पलीकडे कुणी नसतं. गंमत अशी की कुलूप फक्त खासगी किल्लीला असतं. पत्ते तसेच उघडे राहतात. त्यामुळे पासवर्ड विसरलेला माणूसही स्वतःची शिल्लक रोज पाहू शकतो. तिजोरी काचेची आहे. आतलं दिसतं, भाव वाढला की तेही कळतं, हात तेवढा आत जात नाही.

हयातीचा दाखला

आता याच्या अगदी उलट टोकाची गोष्ट. दर नोव्हेंबरात आपल्याकडे निवृत्त माणसं बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात. समोर धडधडीत उभा असलेला माणूस कागदावर लिहून देतो की मी जिवंत आहे. याच्यावर आपण विनोद करतो. पण त्या काउंटरवर जे घडतं ते नीट पाहा. बँक विचारते आहे, 'तुम्ही तेच का?' आणि या प्रश्नाची उत्तरं तिच्याकडे अनेक आहेत. सही आहे. हात थरथरतो म्हणून सही जुळली नाही तर अंगठा आहे. अंगठ्याच्या रेषा झिजल्या असतील तर फोटो आहे, साक्षीदार आहे. आणि हे सगळं फसलं तरी पंधरा वर्षं काउंटरवर बसलेली एखादी बाई असते, जी म्हणते, 'अहो, काकांना मी ओळखते.'

ही व्यवस्था गृहीत धरते की माणसं विसरतात, आजारी पडतात, लग्नानंतर नाव बदलतात, मरतात. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वळत्या करतात. हा निधी २०१४ साली सुरू झाला. तिथे गेलेला पैसासुद्धा मूळ मालकाला किंवा वारसाला मागता येतो. अशा ठेवी शोधण्यासाठी २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टलही आलं. विसरलात तर तुमचं गेलं, असं ही व्यवस्था म्हणत नाही. विसरलात तर हे हे कागद आणा, असं म्हणते. कागदांची यादी छळवादी असते हे खरं, पण ती यादी म्हणजे विसराळू माणसासाठी ठेवलेलं दारच असतं.

मग कुणाला दुसरं कुलूप हवंसं का वाटलं? तेही महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला जेमतेम एक हजार रुपये काढायची मुभा होती. पैसा स्वतःचा, पासबुकावर नाव स्वतःचं आणि शटर खाली. दुसऱ्याच्या हातातलं धन ऐनवेळी कामाला येत नाही, असं जुनी माणसं सांगत ते उगीच नाही. बिटकॉइनचा जन्मही याच अविश्वासातून झाला. ३ जानेवारी २००९ च्या त्याच्या पहिल्याच ब्लॉकमध्ये बँकांना सरकारी मदत देण्याविषयीचा वर्तमानपत्राचा मथळा कोरलेला आहे.

म्हणजे मागणी अशी होती: माझ्या पैशाला माझ्याशिवाय कुणालाही हात लावता येऊ नये. ती तंतोतंत पुरी झाली. पण ज्याला अडवता येतं त्यालाच सोडताही येतं. 'कुणी हिरावू शकणार नाही' आणि 'कुणी परत देऊ शकणार नाही' ही वेगवेगळी दोन वाक्यं नाहीत. एकाच वाक्याच्या दोन बाजू आहेत. आपण पहिली बाजू ऐकून सही केली.

अंगठी आणि कोळी

या प्रश्नावरचं आपल्याकडचं सर्वांत जुनं आणि सुंदर उदाहरण मला कालिदासाच्या नाटकात दिसतं. 'अभिज्ञानशाकुंतल' या नावातच ते आहे. अभिज्ञान म्हणजे ओळखीची खूण.

दुर्वासाच्या शापाने दुष्यंत शकुंतलेला विसरतो. शापाला उःशाप एवढाच की खुणेची वस्तू पाहिली की आठवण परत येईल. ती खूण म्हणजे अंगठी, आणि ती वाटेत तीर्थाच्या पाण्यात पडलेली. शकुंतला दरबारात उभी राहते. ती स्वतः आहे, तिच्यासोबत आश्रमातली माणसं आहेत, तिच्याकडे आठवणी आहेत. दोघांनाच ठाऊक असलेला एक प्रसंगही ती सांगून पाहते. राजा ऐकतो आणि नाकारतो. त्याच्या लेखी समोरचा माणूस पुरावा नाही, अंगठी हाच पुरावा.

आपण दुष्यंताला दोष देतो, पण तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच आठवत नाही, आणि अनोळखी बाईच्या सांगण्यावर विश्वास ठेवणारा राजा चांगला राजा असेलच असं नाही. तो नियमाप्रमाणे वागतो आणि अन्याय होतो. पासवर्डचं कुलूप हे असं शापित दुष्यंतासारखं आहे. तुम्ही बिलं दाखवा, जुने ईमेल दाखवा, साक्षीदार आणा, रडा. कुलूप खोटं बोलत नाही, द्वेष करत नाही. ते फक्त अंगठी मागतं.

फरक एवढाच की नाटकात विसरणारा एक आणि नाकारली जाणारी दुसरी. इथे दोन्ही भूमिका एकाच माणसाच्या वाट्याला येतात. तोच विसरतो आणि तोच दारातून परत पाठवला जातो.

नाटकातला कोळीही लक्षात ठेवा. माशाच्या पोटात त्याला अंगठी सापडते आणि शिपाई त्याला चोर समजून बांधून आणतात. त्याच्याकडे आपण परत येऊ.

एक यादी

गेल्या वर्षी माझ्या एका मित्रासोबत मी असं एक कुलूप उघडायचा प्रयत्न केला. ते उघडलं नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे शेवटी चमत्कार होईल म्हणून वाट पाहायला नको.

२०१३ मध्ये इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर असताना त्याने कुतूहल म्हणून वॉलेट बनवलं होतं, थोडे बिटकॉइन घेतले होते आणि फाईलचा बॅकअप स्वतःलाच ईमेल करून ठेवला होता. फाईल सापडली. शिलकीत अर्ध्या बिटकॉइनपेक्षा थोडं कमी दिसत होतं. तुमच्या-माझ्या घरात ही रक्कम छोटी नाही. त्याच्या गृहकर्जाचा बराच भाग त्यातून फिटला असता. पासवर्ड आठवत नव्हता, पण तो 'कुठल्या प्रकारचा' होता हे आठवत होतं.

अशा वेळी वापरायचं मोफत सॉफ्टवेअर मिळतं. त्याला तुकड्यांची एक यादी द्यायची असते: संभाव्य शब्द, आकडे, चिन्हं. ते त्यांच्या सगळ्या जुळण्या एकामागून एक करून पाहतं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करतो, त्यामुळे मशीनची बाजू माझ्याकडे होती. यादी त्याने करायची होती.

पहिल्या दिवशी पंधरा तुकडे झाले. वडिलांच्या स्कूटरचा नंबर. हॉस्टेलच्या खोलीचा नंबर. एका क्रिकेटपटूचं नाव, दोन स्पेलिंगांनी. तेव्हा ऐकायचा त्या बँडचं नाव. मग यादी मंदावली, कारण पुढचे तुकडे आठवण्यासाठी त्याला तो एकवीस वर्षांचा मुलगा नीट आठवावा लागत होता. तो कशाला घाबरायचा, कुणावर जळायचा, स्वतःला काय समजायचा. एक नाव यादीत घालायला त्याने दोन आठवडे घेतले. ते नाव आज त्याच्या घरात कुणी उच्चारत नाही. घातलं तेव्हा तो म्हणाला, 'तू हे वाचू नकोस, नुसतं कॉपी-पेस्ट कर.' मी तसंच केलं.

यादी चाळीस तुकड्यांवर गेली. जुळण्या लाखांत. मशीन आठ रात्री चाललं.

त्या रात्रींमध्ये मला समजलं ते असं. आपण म्हणत होतो की तो 'स्वतःचाच' पासवर्ड शोधतो आहे. प्रत्यक्षात तो दुसऱ्या कुणाचा तरी पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करत होता. त्या दुसऱ्याविषयी त्याला इतरांपेक्षा जास्त माहिती होती, इतकंच.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत मांडलं की माणूस तोच राहतो तो शरीरामुळे नव्हे, तर स्मृतीच्या सलगतेमुळे. जिथवर माझी जाणीव मागे पोचते तिथवर मी. लॉकला 'व्यक्ती' हा शब्द न्यायालयात वापरायचा शब्द वाटत होता: बक्षीस कुणाला, शिक्षा कुणाला, हे ठरवण्यासाठीचा. ही कल्पना कुणी शब्दशः अमलात आणली असेल तर ती या कुलपांनी. आठवतं? मग तूच मालक. नाही आठवत? मग तू कुणी नाहीस.

थॉमस रीड याने १७८५ मध्ये यावर एक खुसखुशीत आक्षेप घेतला. लहानपणी बागेत चोरी करून मार खाल्लेला मुलगा पुढे शूर अधिकारी होतो आणि म्हातारपणी सेनापती. अधिकाऱ्याला मार आठवतो. सेनापतीला अधिकारीपणातला पराक्रम आठवतो, पण लहानपणचा मार आठवत नाही. लॉकच्या हिशोबाने सेनापती म्हणजे तो अधिकारी, अधिकारी म्हणजे तो मुलगा, पण सेनापती म्हणजे तो मुलगा नव्हे. माझा मित्र म्हणजे हा सेनापती. २०१७ पर्यंत त्याला पासवर्ड येत होता. २०१७ चा तो त्याला लख्ख आठवतो. साखळीचा एकही दुवा तुटलेला नाही, फक्त टोकं एकमेकांना भिडत नाहीत.

आपल्याकडच्या न्यायदर्शनाची वाट मला इथे जास्त माणुसकीची वाटते. तिथे स्मृतीला स्वतंत्र प्रमाणज्ञानाचा मान नाही. ती आधीच्या अनुभवाची सावली. उलट आत्मा आहे हे दाखवताना ओळखण्याच्या क्रियेवर भर आहे. जे डोळ्यांनी पाहिलं तेच आता हाताने चाचपतो आहे, असं जाणणारा कुणी एकच असायला हवा, असा तो युक्तिवाद. मित्राने एका रात्री माळ्यावरून जुना कीबोर्ड काढून आणला आणि डोळे मिटून बोटं फिरवू लागला. डोक्याला आठवत नाही ते बोटांना आठवेल, या आशेने. बोटांनी काहीतरी टाइप केलं, पुन्हा पुन्हा तेच. त्याने कुलूप उघडलं नाही. पण त्या मुलाची बोटं आणि या माणसाची बोटं एकाच्याच मालकीची होती, याबद्दल मला तेव्हा शंका राहिली नाही.

म्हणून माझं पहिलं उत्तर असं: विसरलेलं आपलंच असतं. आठवण हा मालकीचा पुरावा असू शकतो, मालकी नव्हे. कुलपाने पुरावा आणि हक्क एकच करून टाकले, ही कुलपाची मर्यादा आहे. तिला न्याय म्हणू नये.

भोग आपल्या कर्माची फळं?

यावर रोखठोक उत्तर येतं: निष्काळजीपणा केला, आता भोगा. नियम आधीच माहीत होते.

पण कसला निष्काळजीपणा? मे २०१० मध्ये एका माणसाने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले, तेव्हा तो उधळपट्टी करत नव्हता. तेवढीच त्यांची किंमत होती. २०११ मध्ये पासवर्डचा कागद हरवणारा माणूस एखादं जुनं बिल हरवल्याइतकाच बेफिकीर होता. कागदाची किंमत पुढे बदलली, कृत्य तेच राहिलं. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये अशा गोष्टींना 'नैतिक नशीब' म्हटलं. दोघं सारखेच चुकतात, एकाच्या चुकीतून काही होत नाही, दुसऱ्याच्या चुकीतून डोंगर कोसळतो, आणि आपण दुसऱ्यालाच जास्त दोषी मानतो. खरं तर जास्तीचा भाग त्याच्या हातात नव्हताच.

मात्र सहानुभूतीलाही हद्द हवी. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तिच्यात हजारो बिटकॉइनची किल्ली होती. तो वर्षानुवर्षं नगरपालिकेकडे कचरा डेपो उकरायची परवानगी मागत राहिला. सापडलं तर वाटा देईन म्हणाला. पालिकेने पर्यावरणाचं कारण देऊन नकार दिला, आणि जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याचा दावा खटला न चालवताच फेटाळला. मला त्याच्याविषयी वाईट वाटतं, तरीही पालिकेचं म्हणणं मला पटतं. माझ्या विसरण्याची किंमत मी किती काळ, कुणाकुणाकडून मागू शकतो? माझा हक्क खरा असला तरी त्यासाठी गावाने आपला कचरा पुन्हा श्वासात घ्यावा, इतका तो मोठा होत नाही.

हक्क मोठा होत नाही, पण आशा मोठी होत जाते, हे त्यातलं दुःख. आपल्याकडे म्हणतात, पुरलेल्या धनावर नाग बसतो. ज्याचा जीव त्यात अडकला तोच नाग होऊन येतो. काचेच्या तिजोरीसमोर रोज भाव पाहत बसलेला माणूस पाहिला की ही समजूत कुठून आली असेल ते कळतं.

एकाच भोकातून दोघे

आता कोळ्याकडे येऊ. विसरलेली कुलपं उघडून देणारी माणसं आज आहेत. काही जण सापडलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा घेतात. त्यांचं काम पाहिलं की एक विचित्र गोष्ट लक्षात येते: कुलूप चांगलं असेल तर ते हतबल असतात. मालकाला त्याचं धन परत मिळतं ते बहुतेक वेळा कुठेतरी कुणीतरी काम वाईट केलेलं असतं म्हणून.

मायकेल स्टे याने २००१ मध्ये झिप फाईलचं जुनं कुलूप कसं फोडता येईल यावर निबंध लिहिला होता. जवळपास दोन दशकांनी एका अनोळखी माणसाने तो वाचून त्याला गाठलं. त्याच्या बिटकॉइनच्या किल्ल्या तशाच एका झिप फाईलमध्ये अडकल्या होत्या. कुलूप कच्चं होतं, म्हणून उघडलं. जो ग्रँड या हार्डवेअर हॅकरची २०२४ मधली गोष्ट आणखी बोलकी आहे. एका माणसाने २०१३ मध्ये पासवर्ड बनवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून वीस अक्षरांचा पासवर्ड घेतला होता आणि तो गमावला होता. त्यामागे ४३.६ बिटकॉइन होते. ग्रँड आणि त्याच्या साथीदाराला आढळलं की त्या सॉफ्टवेअरची तेव्हाची आवृत्ती 'यादृच्छिक' म्हणून जे देत होती ते खरं तर कॉम्प्युटरच्या घड्याळावरून ठरत होतं. मग त्यांनी घड्याळ मागे नेलं आणि १५ मे २०१३ च्या दुपारपर्यंत पोचले. पासवर्ड मिळाला.

मालक आनंदला. पण तेच भोक चोरासाठीही होतं. त्या काळात त्या सॉफ्टवेअरवर विसंबलेल्या कितीतरी लोकांची कुलपं तशीच कच्ची होती. कुलपाला मालक कळत नाही, हे दोन्ही बाजूंनी खरं आहे. ते मालकाला अडवतं तेव्हा आपण त्याला निर्दय म्हणतो, आणि ते चोराला आत सोडतं तेव्हा बेपर्वा. त्याला दोन्ही माहीत नसतं.

म्हणून कोळ्याची नैतिकता कुलपात सापडत नाही, कोळ्याच्या वागण्यात सापडते. भोक सापडल्यावर तो काय करतो? आधी मालक कोण ते पाहतो की नाही? भोक उघड करायचं तर चोरांनाही कळणार, लपवायचं तर भोळे लोक धोक्यात राहणार. तो मध्यम वाट काढतो का? फाईल उघडून देणाऱ्यांपैकी चांगले लोक पूर्ण वॉलेट मागतच नाहीत. कुलपाचा तेवढाच भाग मागतात, ज्यातून पासवर्ड सापडेल पण पैसे हलवता येणार नाहीत. दुष्यंताने कोळ्याला अंगठीच्या मोलाइतकं बक्षीस दिलं होतं. मला वाटतं, ते सापडवण्याबद्दल कमी आणि विकून न टाकल्याबद्दल जास्त असावं.

तीन नावं

शेवटी प्रश्न मशीनचा उरत नाही. 'कुणावरही विश्वास ठेवायची गरज नाही' या वचनाने सुरू झालेली गोष्ट फिरून विश्वासापाशीच येते. विश्वास नको म्हणून कुलूप आणलं, आणि कुलूप अडलं तेव्हा अनोळखी माणसाला मेल लिहावा लागला.

सगळा विश्वास एकाच माणसावर टाकला तर काय होतं तेही आपण पाहिलं. कॅनडातल्या 'क्वाड्रिगा' या क्रिप्टो एक्स्चेंजचा प्रमुख जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरमध्ये वारला. किल्ल्या फक्त त्यालाच माहीत होत्या, असं सांगितलं गेलं. हजारो ग्राहकांचे पैसे अडकले. पुढे चौकशीत निघालं की तिजोऱ्या बहुतेक आधीच रिकाम्या होत्या, पैसे त्याने उडवले होते. मेलेल्या माणसाचा पासवर्ड हे लोकांच्या पैशाचं नवं स्मशान होऊ शकतं, आणि लपवण्याची उत्तम जागाही.

या दोन टोकांच्या मधली एक वाट गणितातच आहे. १९७९ मध्ये अदी शामिर यांनी एक पद्धत मांडली: गुपिताचे पाच तुकडे करायचे, पाच जणांना द्यायचे. कुठलेही तीन तुकडे एकत्र आले की गुपित परत तयार होतं. दोघांनी मिळून कितीही डोकं लावलं तरी काहीच कळत नाही. मला यात पासवर्डपेक्षा जुनं काहीतरी दिसतं. ती काउंटरवरची 'काकांना मी ओळखते' म्हणणारी बाई दिसते, फक्त एकटी लाच खाऊ शकणार नाही अशा रूपात. विसरण्याला इथे जागा आहे, मरणालाही आहे. पण त्या जागेत गणित नाही, माणसं बसवावी लागतात.

आपल्यापैकी बहुतेकांकडे बिटकॉइन नाहीत. पण फोन सगळ्यांकडे आहे, आणि त्यात फोटो, गप्पा, आईचे व्हॉइस मेसेज, पैसे, अर्धवट लिहिलेलं कितीतरी आहे. या सगळ्यावर आपण आठवणीचं कुलूप लावलं आहे, जणू आपण कधी विसरणार नाही, कधी कोमात जाणार नाही, कधी मरणार नाही. चोराविरुद्ध आपण फार विचार केला आहे. उद्याच्या आपल्याबद्दल, जो आपल्यालाच अनोळखी असेल, फारसा केलेला नाही.

विसरणं हा गुन्हा नाही. पण विसरल्यावर आपल्याला कुणी परत आत घ्यावं असं वाटत असेल, तर तसं घेऊ शकणारी माणसं आधी निवडावी लागतात, आणि जो परत आत घेऊ शकतो तो विश्वासघातही करू शकतो, हे मान्य करूनच निवडावी लागतात. यातून सुटका देणारं कुलूप मला तरी दिसत नाही.

पाच नावांची यादी मी सध्या करून पाहतो आहे. दोन नावं चटकन लिहिली. तिसऱ्याशी अडखळलो आहे. पासवर्ड ठरवायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता.